फितूर कोण?

साठी उलटल्यावर मला जुन्या ब्रिटिश हेरमालिकांचा नाद लागला. त्यात हाणामारी फारशी नसते. कोट घातलेली माणसं बंद खोलीत बसून चहा पितात, आणि त्यांच्यातला फितूर कोण या विचाराने आपली झोप उडते.

अडचण एकच, शेजारी बसणारी माझी नात. भाग संपला की अपूर्णांकांची गणितं, असं आमचं ठरलेलं. पण भाग संपेल तर शपथ!

"आजोबा, हा टकलू कोण?"

"मोठा साहेब. कालच सांगितलं ना?"

"मग ती चष्मेवाली त्याला का घाबरते?"

मी पुन्हा रिमोट दाबून चित्र थांबवलं. जन्मभर मुलांना शिकवलं, कधी आवाज चढवला नाही. पण या पोरीपुढे डोकं फिरायची वेळ आली होती. तरी राग गिळून समजावलं, "हे बघ बाळा, खरा हेर काहीच माहीत नसल्यासारखा वागतो. म्हणून तर त्याचा कुणाला संशय येत नाही. कळलं?"

"कळलं. आणि हा छत्रीवाला कोण?"

"बास! आजपुरता टीव्ही बंद. आण ती गणिताची वही!"

ती जागची हलली नाही. माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाली,

 

"आणते की. पण मग शेवटच्या भागात फितूर कोण निघतो, तेही सांगून टाकते."