थंड जागी ठेवा

फ्रिज उघडला की तिला मळमळायचं. दुधालाही पेट्रोलचा वास. गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल नवऱ्याने सरबताच्या बाटलीत भरून तिथे ठेवलं होतं. "अहो, हा फ्रिज आहे की पेट्रोलपंप?" "बाहेर उन्हात नासेल ते. महागातलं टू-स्ट्रोक तेल मिसळलंय, माझ्या मशीनला हलकं चालत नाही!" आज ती स्वयंपाकघरात आली, तर सासऱ्यांनी तेच लालसर पेट्रोल ग्लासात ओतून ओठांशी नेलेलं. म्हाताऱ्याचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. "बाबा, थांबा!" तिने ग्लास हिसकावला. नवरा धावत आला. ग्लास घेऊन त्याने सगळं नरसाळ्याने बाटलीत परत ओतलं. "नशीब, थेंबही सांडला नाही!" मग तोच ग्लास जेमतेम विसळून, पाणी भरून बापापुढे धरला. "घ्या बाबा." तिने ग्लास नवऱ्याच्या नाकाशी नेला. "आधी तुम्ही प्या." त्याने झटकन तोंड फिरवलं.