पाठमोरी जोडी

रुखमा आणि दुर्गा अखेर बोलल्या. पण ते जाऊ द्या. दोघीही म्हणतात असं काही झालंच नाही, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

दोघी सख्ख्या जावा. रुखमा थोरली. वाटण्या झाल्या तेव्हा शेताचे दोन भाग झाले, घराचे दोन झाले, पण मोहाचं झाड काही मधोमध चिरता येईना, म्हणून ते सामाईक राहिलं. त्याच झाडाखालचा पाला कोणी झाडायचा यावरून तीन वर्षांपूर्वी दोघी भांडल्या आणि यापुढं एकमेकींचं तोंड पाहणार नाही, असं साऱ्या गावादेखत बोलून बसल्या. रुखमाला लेकरू नव्हतं. दुर्गाची मुलगी रोशनी रुखमाच्याच मांडीवर वाढलेली, तिला मोठी माय म्हणणारी. ती आता अहेरीला होस्टेलात होती, आणि तिथं नीट जेवते की नाही, हे विचारायचीही रुखमाला सोय उरली नव्हती.

यंदा मोहाच्या हंगामात वाघ आला. फुलं वेचायला कोणी एकटं जायचं नाही, असा हुकूम निघाला. वनरक्षक अंकुशनं झाडागणिक जोड्या लावल्या. झाड एक, म्हणून जोडी एक. दोघींनी हरकत घेतली. यादीवर साहेबांची सही झाली आहे, आता वाघ परत गेला तरी जोडी बदलणार नाही, असं अंकुशनं सांगितलं आणि प्रत्येकीच्या हातात एक कागदी मुखवटा ठेवला. सगळे एकाच साच्यातले. मिशीवाला, गालभर हसणारा माणूस, डोळ्यांच्या जागी भोकं. तो डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा.

"वाघ मांगून येते," अंकुश म्हणाला. "त्याले वाटलं पाह्यजे का फेस टू फेस हाय. म्हंजे तोंडासमोर तोंड. मंग तो आल्या पावली जाते."

वाघाची इंग्रजी कितवीपर्यंत झाली आहे, असं रुखमानं विचारलं. ते यादीत नव्हतं, म्हणून अंकुशनं पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी झाडाखाली एकमेकींकडे पाठ करून बसल्या. रुखमानं सहज मान वळवली. दुर्गाच्या डोक्यामागून मिशीवाला तिच्याकडे पाहून हसत होता. तीन वर्षांत त्या घरातून तिच्याकडे पाहून कोणी हसलं नव्हतं. एक टोपली भरेपर्यंत तिनं दम धरला. मग मिशीवाल्याला विचारलं, पोट्टी जेवते का?

मिशीवाला हसत राहिला. त्याच्या पलीकडून आवाज आला. वांगं सोडून सगळं जेवते.

हे काही बोलणं नव्हतं. मुखवट्याला विचारलं, मुखवट्यानं सांगितलं. आठ दिवस असंच चाललं. रोशनीला ताप आला होता, उतरला. केस कापले, रडली, आता आरशापुढून हलत नाही. एवढं ऐकता ऐकता रुखमाची मान आखडली. नवव्या दिवशी तिनं मुखवटा फिरवून पुढं बांधला आणि दुर्गाकडे वळून बसली. शपथ शाबूत होती. तोंड दिसणार ते मिशीवाल्याचं. दुर्गानं मागं पाहिलं, आणि आपलाही फिरवून तिच्यासमोर बसली.

गस्तीवर आलेल्या अंकुशला झाडाखाली दोन मिशीवाले समोरासमोर बसून फुलं वेचताना दिसले. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, "पोट्टी म्हनते, सुटीत आली का पयले मोठ्या मायकडंच जाईन, बाई."

दुसरा मिशीवाला फुलं वेचत राहिला. त्याच्या हनुवटीखालून पाणी ठिबकत होतं.

अंकुश चिडला. मुखवटे पुढं, पाठी उघड्या, आणि वाघ मागून आला म्हणजे?

"येऊ दे," रुखमा म्हणाली. "मी तिच्या मांगं पाहून राह्यली, ती माह्या मांगं."

हंगाम संपेपर्यंत दोन्ही मुखवट्यांचा आतून लगदा झाला. तेव्हा दोघींनी अंकुशला बसवून अर्ज लिहून घेतला. खाली दोन अंगठे आहेत, एकमेकांपासून लांब लांब.

'सदर मुखवटे घामाने भिजून निकामी झाले आहेत, तरी दोन नवीन मिळावेत. आम्ही दोघी बोलत नाही. सबब पुढील हंगामातही आमची हरकत नोंदवून हीच जोडी लावण्यात यावी, आणि आमचे बोलणे चालू असताना मध्ये येऊ नये, अशी समज संबंधित वाघास फेस टू फेस देण्यात यावी, ही नम्र विनंती.'