साळूचा फेटा

बैलगाडा शर्यतीच्या घाटाच्या टोकाला, निशाणाच्या पलीकडे, कोंडीरामनाना बोडक्याने उभे होते. चौऱ्याहत्तर वर्षांत त्यांचं उघडं डोकं फक्त न्हाव्याने आणि बायकोने पाहिलेलं. आज ते निघोज्याच्या सगळ्या जत्रेने पाहिलं, शिवाय पहिली शिफ्ट सुटून कंपनीच्या भिंतीवर चढून बसलेल्या पोरांनीही.

"नाना, फेटा कावळ्यानं पळवला का काय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

नाना हसले नाहीत. त्यांची नजर खाली होती, जिथे मालोजीचा गाडा जुंपत होते. बैलांच्या पुढे, पाठीवर स्वार घेऊन, साळू उभी होती. नानांची घोडी. म्हणजे दिवाळीपर्यंत नानांची. गुडघे गेले, घोडी फिरवायचं रान गोदामांखाली गेलं, आणि त्यांनी साळू चिखलीच्या मालोजीला देऊन टाकली. रिवाजाप्रमाणे दावं तेवढं ठेवून घेतलं. आणि रिवाजात नसलेली एक वस्तू तिच्यासोबत दिली, आपल्या डोक्यावरचा पिवळा फेटा.

द्यावाच लागला. गाड्याचे बैल पळतात ते पुढच्या घोडीच्या मागे. घोडी सरळ तर बैल सरळ, घोडी फाकली की सगळ्यांचंच वाटोळं. बाकीचे लोक चाबकाने घोड्या तयार करायचे, तेव्हा नानांनी वेगळंच काढलं. घोडी शिंगरू असल्यापासून तिला पिवळा फेटा दाखवायचा आणि ती फेट्यापाशी आली की ओंजळभर हरभरे आणि गुळाचा खडा द्यायचा. मग शर्यतीच्या दिवशी तोच फेटा घालून घाटाच्या टोकाला उभं राहायचं. चाबूक लागतच नसे. आता चिखलीपासून चाकणपर्यंत ज्याच्या गाड्याची बारी, म्हणजे पळायची पाळी, असेल तो पिवळा फेटा घालून टोकाला उभा राहतो आणि बाकीचे आपापले फेटे काढून टोप्या घालतात. हे कुणी सुरू केलं, ते नव्या पोरांना ठाऊकही नाही.

"नाना, बारीला तुमी येऊ नका," मालोजीने सकाळी बजावलं होतं. "तिनं तुमाला बघितलं आन् तिकडं वळली तर? फाकणारी घोडी मला नको. मग तिला वरातीलाच द्यावी लागंल."

वरातीला! बँडच्या आवाजात, डोळ्यांवर झिरमिळ्या बांधून, साळू? तरी ते आले. टोपीसुद्धा घातली नाही. पांढरी टोपी उन्हात लांबून पिवळसर दिसली तर काय घ्या!

तिने एकदा, फक्त एकदा, मान वळवावी, यासाठी त्यांचा जीव तुटत होता. आणि तेवढीच मान वळू नये म्हणून ते उघड्या डोक्याने उन्हात उभे होते.

"झाली! झाली! झाली!" कर्ण्यावर गाडा सुटल्याची आरोळी उठली.

धुळीतून आधी साळू निघाली. मागे चार बैल, त्यांच्या मागे गाडा. नानांच्या ओठांवर जुनी हाळी आली, तशी त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. घोडी त्यांच्यापासून दहा हातांवरून गेली. कान मागे, मान ताठ, डोळे समोरच्या पिवळ्या फेट्यावर. ती सरळ मालोजीपाशी जाऊन थांबली.

गुलालाने माखलेला मालोजी धावतच नानांकडे आला. "नाना, आतापातुर घाटात पयले आलो! आन् तिनं तुमच्याकडं ढुंकूनबी बघितलं न्हाई!"

"व्हय," नाना म्हणाले. "म्या बघितलं की."

मालोजीने त्यांना हाताला धरून साळूकडे नेलं. नानांनी खिशातला गुळाचा खडा तळहातावर धरला. साळूने तो खाल्ला, कुणाच्याही हातावरचा खावा तसा, आणि पुन्हा मालोजीच्या डोक्याकडे पाहू लागली. यात तिचा काय दोष? आयुष्यभर नानांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, "घोडीला माणसाची सवय लावू नका, फेट्याची लावा. माणूस आज हाय, उद्या न्हाई."

मालोजी ओशाळला. त्याने डोक्यावरचा फेटा उचलून पुढे केला. "नाना, घाला की घटकाभर. लगीच वळखील ती."

फेटा नानांच्या हातात आला आणि साळूने कान टवकारले. ती एक पाऊल पुढे आली. नानांना वाटलं, घालावा. दुसरं काही नको, हा एवढा एकदा डोक्यावर घालावा.

"नको," ते म्हणाले. "तुझी फायनलची बारी हाय अजून. एका दिसात दोन डोकी दावली तर घोळ हुईल तिचा. बस खाली. तू ह्यो बांधलाय का गुंडाळलाय? नीट बांधून देतो."

मालोजी उकिडवा बसला. नाना वाकून एकेक पीळ घालू लागले. साळूने मान लांब केली आणि फेट्याला नाक लावलं. तिचा ऊन श्वास नानांच्या बोटांवर येऊ लागला. बोटं हलतील तसं तिचं नाक हलत होतं.

शेवटचा पदर खोचून झाला. फेटा सुरेख बसला होता.

"जरा तिरपा झाला," नाना म्हणाले, आणि सगळा सोडून त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला.