झारीतील शुक्राचार्य

एक सिद्धांत, दोन मित्र आणि दररोजच्या चार झाऱ्या पाणी यांची हकीकत मी वाचकांपुढे यथामती सादर करीत आहे. विलायतेतल्या आमच्या हेदरफेल गावात, ज्या सरकारच्या धोरणाने पोलादाचा कारखाना बुडाला त्या सरकारच्या पक्षाला मत देणाऱ्याशी आजही कोणी बोलत नाही. परंतु एडगर पॅलिस्टर यांनी त्या पक्षाला उघडपणे मत दिले, दर वेळी दिले, आणि तरीही गावच्या क्लबात त्यांची खुर्ची कायम राखलेली असे. त्याचे कारण येणेप्रमाणे.

शनिवारी सकाळी विल्फ हेब्रन बसमधून उतरला आणि घरी न जाता थेट भाजीच्या मळ्याकडे वळला. हा मळा नगरपालिकेचा असून, गावकऱ्यांना त्यातील एकेक तुकडा कसावयास मिळतो. विल्फच्या बॅगेत अकरा आठवड्यांचे मळके कपडे होते. नोकरी नव्हती. देशाच्या दक्षिणेत त्याने कितीतरी दारे ठोठावली, परंतु चोपन्न वर्षांच्या भट्टीवाल्यास कोणी उभे केले नाही. आता तुकडा खणून साफ करावा, नगरपालिकेस परत द्यावा आणि बायकोसह गाव कायमचे सोडावे, असा त्याचा निश्चय झाला होता. तसा अर्ज त्याच्या खिशात होता.

त्याच दुपारी क्लबात लीकचे वार्षिक प्रदर्शन होते. लीक ही कांद्याच्या कुळातील भाजी. आमच्याकडे माणसाची योग्यता तिच्या दांड्याच्या घेरावरून ठरते. कारखाना गेल्यावर विल्फपाशी स्वतःचे म्हणावे असे काम तेवढेच उरले होते. परंतु त्या उन्हाळ्यात पावसाने तोंड फिरवले. नळ बंद झाले, मळ्यात टाकी आली. जो स्वतः हजर राहील त्यालाच दिवसाला चार झाऱ्या पाणी, गैरहजराचा वाटा रद्द, असा नियम होता. आपल्या लीकना विल्फने मनोमन केव्हाच मूठमाती दिली होती.

शेजारचा तुकडा एडगर यांचा. ते बँकेचे निवृत्त व्यवस्थापक. बाजारात पैसा फार झाला की महागाई वाढते, सबब सरकारने पैशाचा नळ आवळावा, हा त्यांचा वेद होता. सरकारने नळ आवळला. कर्जे महागली, पौंड वधारला, आमचे पोलाद परदेशी कोणी घेईना आणि भट्टी विझली. अशा नळ आवळणाऱ्यास आपल्या मराठीत झारीतील शुक्राचार्य म्हणतात.

भट्टी विझली त्याच आठवड्यात क्लबात एडगर म्हणाले होते, "औषध कडूच असतं रे, विल्फ. जादा पाण्यानं लीक फुटतो, हे तुला मी सांगायचं?"

"आणि पाणी तोडलं की मरतो, साहेब! औषध तुमचं, मढं आमचं!"

तीस वर्षे 'अरे एडगर' म्हणणारा विल्फ त्या दिवशी प्रथमच 'साहेब' म्हणाला. त्यानंतर त्याने त्यांच्याशी शब्दही उच्चारला नव्हता.

विल्फने फाटक ढकलले आणि तो जागीच खिळला. त्याचे लीक ताठ उभे होते. पाने गर्द हिरवी, दांडे मनगटाहून जाड. मुळाशी माती ओली होती.

इतक्यात त्याची बायको नोरा काठी टेकीत आली. "बस कधीची आली, आणि हा माणूस इथे! घरी बायको आहे, आठवतं ना?"

"नोरा, हे तू कसं गं जमवलंस?"

"मी? माझे गुडघे मला जिना चढू देत नाहीत, तुझ्या कांद्यांना पाणी कुठून घालू? रोज सकाळी तो तुझा साहेब दिसायचा इथे. मला वाटलं, तुमचं पत्रातून गोड झालं."

पत्र्याच्या कुंपणापलीकडे एक टोपी हलली. विल्फने ती ओळखली, आणि अनेक महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटले.

"काय साहेब! शेवटी तुम्हीही छापलंतच ना जादा, सरकारी नोटांसारखं? टाकीतलं पाणी चोरलंत!"

"चोरी? मी?" टोपी ताडकन वर आली. खाली टाय होता. "मळ्याच्या चिटणिसाला विचार. रोज चार झाऱ्या उचलल्या. पाचवी नाही."

"मग माझ्या लीकना काय तुमची भाषणं पाजलीत?"

विल्फ बादली उपडी घालून तिच्यावर चढला व त्याने कुंपणापलीकडे पाहिले. सलग नऊ वर्षे प्रदर्शनाचा कप जिंकणाऱ्या त्या तुकड्यात पेन्सिलीएवढे पिवळे लीक आडवे पडले होते. माती भेगाळली होती. झारी मात्र विल्फच्या बाजूला कुंपणाच्या फटीपाशी ठेवलेली होती, आणि तिच्या तोटीतून अजून थेंब गळत होता.

"माझं तत्त्व मोडलेलं नाही, सांगून ठेवतो," एडगर टाय सारखा करीत म्हणाले. "पुरवठा मी वाढवला नाही. फक्त वळवला."

विल्फने खिशातील अर्ज काढून त्यात नाक शिंकरले, फावडे उचलले आणि तो कुंपणावरून पलीकडे उतरला.

"बाजूला हो, एडगर. पुढच्या सालच्या तुझ्या लीकचा चर आत्ताच खणायला हवा."

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचा अंतःकरणपूर्वक आभारी,
बाबाजी सोनू तळगावकर, हेदरफेल