बेचाळीसची तार

"खांबावर कोन चढला होता? आमचा आजा! टिकाराम!" धनेंद्रने पोह्यांची प्लेट बाजूला सारली आणि हात उंच करून खांब दाखवला. "बेचाळीस साल. इंग्रजाची तार एका झटक्यात कापली. अन खाली जो राखनदार होता, त्याले त्याच्याच पागोट्यानं खांबाले बांधून टाकलं!"

धनेंद्र मुलाचा काका. तिरोड्याकडचे हे पाहुणे रविताला पाहायला बिरसीला आले होते. मुलीकडे धानाची जमीन बरीच जास्त आहे, हे अंगणातच धनेंद्रच्या लक्षात आलं होतं. घरात शिरल्यापासून त्याने आजा पुढे केला होता. मुलगा हिमांशू खाली मान घालून पोहे चिवडत होता. तो रविताला पसंत पडला होता. कोणी न मागता तिने दोनदा पाणी आणलं, तेव्हाच घरात सगळ्यांना ते कळलं.

कोपऱ्यात बाजेवर रविताचे पणजोबा गुलाबचंद बसले होते. शंभरीला टेकलेले. त्यांना ऐकू येत नाही, असं घरच्यांनी गृहीत धरलं होतं. गुलाबचंदनाही ते सोयीचं पडे.

"कोन्या गावाजवळ कापली?" त्यांनी एकदम विचारलं.

रविताची आई रुक्मा दचकली. धनेंद्र मात्र खूश झाला. उठून बाजेवर जाऊन बसला आणि त्यांच्या कानात ओरडला, "आमच्याच गावच्या फाटकापाशी, बाबाजी! रेल्वेच्या कडेनं!"

"ते माह्या मामाचं गाव," गुलाबचंद म्हणाले. "तार मी कापली."

नेमकं तेव्हाच गावच्या विमानतळावरून शिकाऊ पायलटचं विमान घरावर आलं. बिरसीत विमान आलं की बोलणं थांबतं. सगळे छताकडे पाहत बसले. ऐकलं एकट्या धनेंद्रने.

"टिकाराम तं राखनदार होता."

धनेंद्रने हात जोडले. "मालूम आहे, बाबाजी. इंग्रजाचा नौकर म्हनून पोट्टे मले शाळेत चिडवत. म्हनून मंग..."

"म्हनून तू त्याले खांबावर चढवला."

विमान वळून पुन्हा आलं. शिकणारं होतं, त्याला घाई नव्हती.

"मी अन माहा मामेभाऊ, दोघंच होतो," गुलाबचंद त्याच्या कानाशी बोलत राहिले. "तुह्या आज्यानं पाहिलं आमाले. म्हने, पयले मले बांधा, नाई तं माही नौकरी जाईल. बांधलं. मंग म्हने, जोरानं बांध, पोलीस पाहील. मंग म्हने, एवढं जोरानं नोको. मंग म्हने, नाक खाजून राहिलं, खाजवून दे. तार कापाले वेळ नाई लागला, त्याले बांधाले लागला."

धनेंद्रला हसू आवरेना.

"सकाळी पोलिसानं ठाण्यात नेला. लय मारला. तो आमाले रोज पाहे, चांगला ओळखे. पन अंधारात ओळखलं नाई म्हने. नाव नाई सांगतलं. सुटून आला तं लंगडून राहिला होता. मी समोर गेलो. मले पाहून म्हने, गाठ चांगली मारतोस."

धनेंद्रचं हसू थांबलं. आज्याचा लंगडा पाय त्याला आठवत होता.

"घरी तं बैलानं मारलं म्हने," तो पुटपुटला. मग त्याने विचारलं, "मंग तुमी कोनाले काऊन नाई सांगतलं, बाबाजी?"

"मी बोललो असतो तं तो खोटा पडला असता."

विमान दूर गेलं. रुक्मा केव्हाची दोघांकडे पाहत होती. "काय म्हनून राहिले बाबाजी?"

धनेंद्र उभा राहिला. दुपट्ट्याने तोंड पुसलं. मघाच्यापेक्षाही मोठ्याने म्हणाला, "वहिनी, माहा आजा खांबावर नाई चढला. राखनदार होता. मीच खोटं बोलून राहिलो होतो."

हिमांशूच्या हातातला चमचा थांबला. दारामागे बांगड्या वाजल्या.

"पन त्याले समदं मालूम होतं. पोलिसाचा मार खाल्ला, पायानं लंगडा झाला, पन नाव नाई सांगतलं."

"कोनाचं नाव?" रुक्माने विचारलं.

धनेंद्रने गुलाबचंदकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"आमच्या घरी नाव सांगत नाईत," तो म्हणाला.

मग गुलाबचंदनी घसा साफ केला.

"रुक्मा, पाहुन्याले जेवाले थांबव."

रुक्मा आत गेली, तर रविता तांदूळ धुवायला बसलीही होती.