झाकणातलं पाणी

मे १९९३. माझ्या बायकोचा, गिरिजाचा, भाऊ उत्तनहून होडी घेऊन समुद्रात गेला, तो दोन दिवस परतला नव्हता. आम्हाला तिकडे निघायचं होतं आणि माझ्या खटारा गाडीत ठिणगीच पडत नव्हती.

मेकॅनिक जीवनने इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत पाणी! आणि मीरा रोडच्या नळाला निर्लज्ज पुढाऱ्यांनी चार दिवस थेंब सोडला नव्हता.

"साहेब, नळ इथं जोडलाय व्हय?" त्याने झाकण पुसून बसवलं, चावी फिरवून सेल मारला. ठिणगी नाही. झाकण पुन्हा भरलेलं. त्याने बोट चाटलं. "खारट हाय."

तिसऱ्यांदा उघडलं, तर कोरडं ठणठणीत. ठिणगी कडाडली, इंजिन चालू झालं.

"चला वहिनी!" जीवन ओरडला.

गिरिजा तिथेच मातीत मटकन बसली.

"बंद करा गाडी," ती म्हणाली. "काढलं त्याला पाण्याबाहेर."