सांभाळायला दिलेलं

“ताई, तुमचं ॲप आता लसीची तारीख दाखवायला पैसे मागतंय,” अंगणवाडीच्या शेवंताबाई फोनवर म्हणाल्या. “बाया मला विचारतात, फुकट होतं ना?”

वैदेहीच्या हातातला घास बाळाच्या तोंडाशीच थांबला. तिने ते ॲप कोडसकट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. बाळंतपणाला जाताना त्याचे सगळे हक्क निनादच्या स्वाधीन केले होते. कॉलेजपासूनचा मित्र, दुसरं कुणी सुचलंही नव्हतं.

तिने त्याला फोन लावला.

“अगं, तूच म्हणालीस ना, सांभाळ म्हणून?”

“सांभाळ म्हणाले होते रे. कुलूप लाव नव्हते म्हणाले.”

तो हसला. “बाळाच्या व्यापातून तुला वेळ तरी कुठे मिळणार होता?”

जुना खुला कोड तिच्या लॅपटॉपवर होता. तो वापरायला कुणाची परवानगी लागत नव्हती. बाळाला मांडीवर घेऊन तिने तो नव्या नावाने पुन्हा सगळ्यांसाठी फुकट खुला ठेवला. या वेळी हक्क एकट्याकडे द्यायचे नाहीत, असं ठरवून ती सोबत्यांची नावं लिहू लागली, तर बोटांनी सवयीने पहिलं नाव निनादचंच लिहिलं.

ते खोडायला तिला फार वेळ लागला.